कपडा ‘फेअर ट्रेड’ आहे, म्हणजे नेमके काय? शिवणाऱ्या हाताला किती मिळते, ते कसे ओळखावे?

पुण्याच्या शनिवार पेठेतून पायी निघाले तरी लक्ष्मी रस्त्यावरची कापडाची दुकाने थोड्याच वेळात लागतात. तिथे कुर्ता घेताना कापड पाहिले जाते, रंग जाईल का ते विचारले जाते, घासाघीस होते. हा कुर्ता शिवणाऱ्या बाईला किती मिळाले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारला तरी दुकानदाराला उत्तर माहीत असेलच असे नाही. याच प्रश्नाभोवती ‘फेअर ट्रेड’ म्हणजे न्याय्य व्यापाराची चळवळ उभी आहे. अशा शिवणकेंद्रांना भेट देण्यासाठी देशोदेशीचे ग्राहकही येतात. तिथे काय पाहायला मिळते आणि काय पाहायला हवे, ते समजून घेऊ.

फेअर ट्रेड म्हणजे काय?

हे दान नव्हे आणि ‘गरिबांनी बनवलेले म्हणून घ्या’ असे आवाहनही नव्हे. हा व्यापारच आहे, फक्त त्याच्या अटी वेगळ्या आहेत. जागतिक फेअर ट्रेड संघटनेने यासाठी १० तत्त्वे ठरवली आहेत. योग्य मोबदला, पारदर्शक हिशोब, बालमजुरीला बंदी, भेदभाव न करणे, कामाची सुरक्षित जागा ही त्यांपैकी काही.

यातली एक अट बाहेरच्यांच्या फारशी लक्षात येत नाही. हस्तकलेच्या मालासाठी उत्पादकाने मागणी केल्यास खरेदीदाराने किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते. छोट्या गटासाठी ही अट फार मोलाची आहे. कापड, धागा, बटणे आधी विकत घ्यावी लागतात आणि पैसे माल पोहोचल्यावर येतात. मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी सावकाराकडे जावे लागले, तर मिळालेला चांगला दर व्याजातच जातो.

पुण्या-महाराष्ट्राला हा विचार नवा आहे का?

कपड्यामागचे राजकारण पुण्याला चांगले परिचित आहे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, १८७७च्या दिल्ली दरबाराला हातसुताची खादी घालून गेले होते. १९०५मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तेव्हाचा प्रश्न होता, कापड कुठे तयार झाले?

पुढचा प्रश्न वर्ध्यात विचारला गेला. ऑक्टोबर १९३५मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने तिथे ठराव केला, की सूत कातणाऱ्यांची मजुरी अपुरी आहे. आठ तास काम करणाऱ्याला पुरेसे अन्न आणि अंगभर वस्त्र मिळेल, इतकी ती वाढवली पाहिजे. मजुरी वाढली तर खादी महागेल आणि खप घटेल, ही भीती तेव्हाही होतीच. गांधीजींचे म्हणणे असे, की कातणारीला उपाशी ठेवून स्वस्त केलेली खादी काय कामाची? युरोपात फेअर ट्रेडचा पहिला शिक्का नेदरलँड्समध्ये १९८८ साली आला. त्याच्या अर्धशतक आधी हा वाद वर्ध्यात होऊन गेला होता.

सहकारी गटामुळे काय बदलते?

तयार कपड्यांच्या धंद्यात बरेचसे काम नगावर चालते. ठेकेदार कापलेले कापड घरी आणून देतो. बाई शिलाई करते, काज-बटण लावते, धागे कापते. दर ठेकेदार ठरवतो. एखादा नग नापास झाला तर पैसे कापले जातात. मशीन, वीज, सुई, सगळे बाईचे. काम नसले की उत्पन्न शून्य.

सहकारी संस्थेत हेच काम करणाऱ्या बाया मालक असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार किमान १० व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात, आणि भांडवल कितीही असो, एका सभासदाला एकच मत असते. दर ठरवण्याच्या बैठकीत शिवणारी बाई बसलेली असते. वर्षाअखेरीस नफा उरला तर त्याचे काय करायचे, हेही तीच ठरवते.

मुंबईत काय घडले?

पुण्याहून सकाळी निघून दुपारपर्यंत पाहता येईल असे उदाहरण अंधेरी पूर्वेला आहे. स्पेनहून आलेल्या मिशनरी इसाबेल मार्टिन यांनी १९८४मध्ये महाकाली गुंफा परिसरात ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ सुरू केले. वस्तीतल्या बायांनी सुरुवातीला कापडी खेळणी बनवली. पुढे तयार कपड्यांचे काम आले, बायांचे स्वतंत्र गट झाले आणि माल मुख्यतः युरोपातल्या फेअर ट्रेड दुकानांत जाऊ लागला.

दुसरे उदाहरण ‘मार्केटप्लेस : हँडवर्क ऑफ इंडिया’चे. पुष्पिका फ्रेटास यांच्या पुढाकाराने १९८०च्या दशकात मुंबईत उभे राहिलेले हे काम मोजक्या बायांच्या गोधड्यांपासून सुरू झाले. नंतर अनेक सहकारी गटांनी शिवलेले आणि भरतकाम केलेले कपडे कॅटलॉगमधून अमेरिकेत विकले गेले. भरतकाम घरी बसूनही करता येत असल्याने, लहान मूल किंवा आजारी सासूला सोडून बाहेर पडणे शक्य नसलेल्या बायांनाही काम मिळाले.

भेटीला गेल्यावर काय पाहावे?

आधी कळवून जावे. हे केंद्र म्हणजे प्रदर्शन नव्हे, तिथे ऑर्डरची तारीख गाठायची असते. विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. हसरे चेहरे आणि रंगीत कापड सगळीकडेच दिसते. त्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात : नगाचा दर कोण ठरवते? पैसे कधी हातात येतात? ऑर्डर नसते त्या महिन्यात काय होते? हिशोबाची वही सभासदांना पाहता येते का?

रोजचे जगणेही याच उत्तरांतून कळते. वस्तीत नळाला पाणी कधी येते, त्यावर बाईची सकाळ ठरते. मुलांची शाळा कधी सुटते, त्यावर दुपार. कामाची वेळ या दोन्हींशी जुळत असेल, केंद्र घरापासून चालत जाण्याइतके जवळ असेल, मूल ठेवायला पाळणाघर असेल, तर तिथे बाया टिकतात. नुसता दर चांगला असून भागत नाही.

मग सगळेच कपडे असे का विकले जात नाहीत?

पहिले कारण किंमत. समजा, ८०० रुपयांच्या कुर्त्याची शिलाई ६० रुपयांवरून ९० केली. वाढ फक्त ३० रुपयांची. पण घाऊक आणि किरकोळ विक्रेता आपला नफा टक्क्यांत लावतो, त्यामुळे ग्राहकापर्यंत येताना ती दुप्पटही होऊ शकते. मधले हात कमी झाले तरच वाढीव पैसा शिवणारीकडे पोहोचतो.

दुसरे कारण परदेशावरचे अवलंबित्व. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. असा एक निर्णय सातासमुद्रापलीकडे होतो आणि ज्या गटाचा एकच मोठा ग्राहक परदेशात आहे, त्याची मशीन इथे थांबू शकतात. म्हणून देशातला ग्राहक महत्त्वाचा ठरतो.

पुणेकरांना त्यासाठी दर वेळी मुंबई गाठायची गरज नाही. हिवाळ्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत बचत गटांच्या बाया स्वतः माल घेऊन बसतात. तिथे घासाघीस करण्याआधी एकदा विचारून पाहावे, की या पिशवीला शिवायला किती वेळ लागला आणि त्याचे तुम्हाला किती सुटतात? दुकानात जे उत्तर मिळत नाही, ते इथे समोरच बसलेले असते.