नोकरी शोधणारी मुलगी घरात असते तेव्हा…

दहावी-बारावीचं वर्ष घरात असलं की आपण सगळ्याजणी किती सावध असतो! टी.व्ही. बंद, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेलं, मुलीच्या हातात बदामाचं दूध. पण त्याच मुलीचं खरं कठीण वर्ष पुढे यायचं असतं. शिक्षण संपत आलेलं, नोकरी लागलेली नाही, ते हे वर्ष. त्याची मात्र घरात कुणी दखल घेत नाही. उलट, “दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढेच तर बसलेली असतेस, जरा नारळ खवून दे,” असंच आपल्या तोंडून निघतं.

आमच्या पेणच्या घरात सध्या असं वर्ष चालू आहे. माझ्या थोरल्या दिरांची मुलगी नव्या मुंबईतल्या एका कॉलेजात एम.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हा अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता, २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला. म्हणजे पहिलं वर्ष रुळण्यात जातं आणि दुसरं सुरू होतं न होतं तोच नोकरीची धावपळ लागते. मी बी.ए. झालेली, सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. तिच्या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण एकाच घरात राहून वर्षभर पाहिलं, विचारलं, तेव्हा पुष्कळ समजलं. ते तुम्हालाही उपयोगी पडेल असं वाटतं, कारण हल्ली दर दोन घरांआड एक मुलगा किंवा मुलगी ‘आय.टी.’च्या वाटेवर आहे.

तिचा दिवस

कॉलेज असेल त्या दिवशी ती पाचला उठते. मेमू गाडीने पनवेल, तिथून ठाण्याकडे जाणारी लोकल. गाडीत बसायला मिळालं तर अभ्यास, नाही तर नुसतं उभं राहणं. घरी यायला रात्रीचे आठ होतात. जेवण झालं की माळ्यावरच्या खोलीत पुन्हा दोन-अडीच तास.

“एवढं काय करतेस गं?” मी एकदा विचारलं. तेव्हा तिने एक जाड वही दाखवली. किराण्याच्या हिशेबाच्या वहीसारखे रकाने आखलेले: तारीख, कंपनी, कुठलं काम, पुढे काय झालं. बासष्ट अर्ज, अकरा लेखी परीक्षा, चार मुलाखती. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसती आडवी रेघ होती. “ही रेघ म्हणजे नकार का?” “नाही काकू, नकार आला तर मी ‘नाही’ लिहिते. रेघ म्हणजे उत्तरच नाही.”

नकार पचवता येतो. पण ज्या अर्जासाठी रात्र घालवली त्याला साधी पोचही मिळू नये, आणि असं तीसचाळीस वेळा व्हावं, याने माणूस आतून झिजतं. ती मध्येच चिडचिड करते, जेवताना गप्प असते, मैत्रिणीच्या पेढ्यांचा डबा उघडत नाही. तो उर्मटपणा नव्हे, हे मला त्या वहीवरून कळलं.

परीक्षा असते तरी कसली?

अर्ज आधी बहुधा यंत्रच चाळतं. जाहिरातीत मागितलेली कौशल्यं अर्जात त्याच शब्दांत नसतील, तर तो माणसाच्या हातापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी अर्ज थोडा बदलून लिहावा लागतो. मग गणित-तर्काची परीक्षा, मग प्रोग्राम लिहिण्याची, मग त्या विषयातली मुलाखत आणि शेवटी स्वभाव, पगार, गाव सोडायची तयारी वगैरे विचारणारी मुलाखत. चाळणीखाली चाळणी!

प्रोग्रामचं कोडं कसं असतं, हे तिने मला माझ्याच हजेरीपटावरून समजावलं. हजार नावांच्या यादीत एक नाव शोधायचं आहे. वरून एकेक वाचत गेलं तर हजार वेळाही नजर टाकावी लागू शकेल. पण नावं अकारविल्हे लावलेली असतील तर बरोबर मधलं नाव पाहायचं, आपलं त्याच्या पुढे की मागे ते ठरवायचं आणि निम्मी यादी सोडून द्यायची. असं केलं तर दहा वेळांत नाव सापडतं. अशा शेकडो युक्त्या घड्याळ लावून, चूक न करता लिहायच्या!

आणि ही परीक्षा पुष्कळदा घरातच होते. कॅमेरा मुलीवर रोखलेला असतो. खोलीत दुसरं कुणी आलं, मुलीने सारखं इकडेतिकडे पाहिलं, तर नोंद होते. गेल्या श्रावणात सासूबाई मायेने चहा घेऊन वर गेल्या आणि पडद्यावर ताकीद झळकली! दुसऱ्या एका परीक्षेला ऐन वेळी वीज गेली. पोरीने मोबाइलवरून इंटरनेट जोडून ती पुरी केली, तोवर दहा मिनिटं गेली होती. दोन्हीच्या रकान्यांत आज रेघच आहे.

मुलगी कमी पडत नाही, दारं अरुंद झालीत

“शेजारच्यांच्या मुलाला तर कॉलेजातूनच उचललं होतं,” असं आपण सहज म्हणतो. पण तो मुलगा कुठल्या वर्षी पास झाला ते पाहिलंय का? कोरोनानंतर, २०२१-२२ मध्ये, या कंपन्यांनी धडाधड भरती केली. नंतर परदेशातली कामं मंदावली आणि २०२३-२४ या एका वर्षात टी.सी.एस.मधली माणसं १३ हजारांहून अधिक कमी झाली, इन्फोसिसमधली जवळजवळ २६ हजार. जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.ने आणखी सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ आलं. नव्या मुलांना शिकण्यासाठी म्हणून जी छोटी कामं दिली जात, त्यातली बरीचशी आता यंत्राकडून करून घेता येतात. साहजिकच नवशिक्यांना पहिली पायरीच उंच झाली आहे.

हे आकडे मी मुद्दाम जाऊबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे आमची पोर आळशी नाही तर!” एवढं कळलं तरी पुष्कळ.

रोह्याची गोष्ट

माझं माहेर रोह्याचं. तिथे माझा भाचा लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून बी.टेक. होऊन घरी बसला आहे. ‘बसला आहे’ हा लोकांचा शब्द, तो रोज आठ तास अभ्यास करतो. माझ्या भावाला धाटावच्या एम.आय.डी.सी.ची सवय. रासायनिक कारखान्यात कुणीतरी ओळखीचं असायचं, एक शब्द टाकला की निदान आत बोलावणं यायचं. “इथे कुणाला सांगायचं तेच कळत नाही,” असं तो म्हणतो. बापाची ओळख कामी येत नाही, हे त्या पिढीला फार लागतं. मग तो राग मुलावर निघतो.

अशा घायकुतीला आलेल्या घरांवरच भामट्यांचा डोळा असतो. भाच्याला एका नामांकित कंपनीच्या नावाने पत्र आलं: तुमची निवड झाली आहे, लॅपटॉपची अनामत म्हणून साडेसहा हजार आजच भरा. माझी वहिनी बचत गटातून पैसे काढायला निघालीसुद्धा! भाच्याने त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरच्या नंबरवर विचारलं, तेव्हा पत्र खोटं निघालं. मैत्रिणींनो, हे पदराला गाठ मारून ठेवा: खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. अनामत नाही, प्रशिक्षणाची फी नाही, काही नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. त्यासाठी त्यांना थेट विलायत गाठावी लागली होती. आज परीक्षा आपल्या माळ्यावर येते, ही सोयच आहे. पण परीक्षा घरात आली की घरालाही थोडं शिस्तीत वागावं लागतं!

एक पोस्टकार्ड

बायकांना या वाटेवर आणखी एक धोंड असायची. १९७४ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. शेवटी छापलं होतं, स्त्रियांनी अर्ज करू नयेत. तिने सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून याबद्दल जाब विचारला. उत्तरादाखल तिला पुण्याला मुलाखतीची तार आली, आणि नोकरीही मिळाली. त्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती. पुढे १९८१ मध्ये त्यांनीच साठवलेल्या दहा हजार रुपयांवर पुण्यात इन्फोसिस उभी राहिली.

जाहिरातीतली ती ओळ आता गेली आहे. पण ती कधी कधी आपल्याच घरात, आपल्याच तोंडून निघते. आमच्याकडे निघाली. पनवेलचं एक चांगलं स्थळ आलं. सासूबाई म्हणाल्या, “नोकरीचं काय, लग्नानंतरही शोधेल. तुळशीचं लग्न झालं की बघायचा कार्यक्रम करून टाकू.” दीर गप्प. पोर ताटावरून उठली. मला काही बोलावं तर मी धाकटी सून! तेवढ्यात जाऊबाई हळूच म्हणाल्या, “माझं डी.एड. असंच लग्नानंतर पुरं व्हायचं होतं. अजून एक वर्ष राहिलंच आहे त्याचं.” पंचवीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. त्यानंतर ठरलं ते असं: परीक्षा संपल्यापासून एक वर्ष स्थळाचा विषय काढायचा नाही.

घराने काय करावं?

परीक्षेची आणि मुलाखतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या नोंदीशेजारी लिहा. तेवढा वेळ खोलीचं दार बंद, कुकर आधीच उतरवलेला, आणि मोबाइलवरून इंटरनेट जोडायची तयारी आदल्या दिवशीच करून ठेवलेली असावी.

“लागली का?” असं रोज विचारू नका. लागली की ती आपणहून सांगणारच आहे. त्याऐवजी “आज काय शिकलीस?” असं विचारा, बोलती होते.

प्रवास, परीक्षेची फी, मुलाखतीचा एक नीटस पोशाख, यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम काढून तिच्या हाती द्या. दर वेळी मागायला लावू नका. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचाही हातभार लागतो. आमची पोर शनिवार-रविवारी दोन मुलांची शिकवणी घेते. चार पैसे मिळतात, शिवाय आपण काहीतरी करतोय असं वाटतं, तेही मोलाचं.

सरळ दार उघडत नसेल तर बाजूच्या दारांची माहिती काढा. आय.आय.टी.तल्या प्राध्यापकांचे एन.पी.टी.ई.एल.चे पाठ घरबसल्या फुकट पाहता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. केंद्र सरकारच्या शिकाऊ योजनेत पदवीधरांना कंपनीत काम शिकता येतं आणि विद्यावेतनही मिळतं. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांना प्रवेश परीक्षा असते आणि फी बरीच असते. म्हणून आधी हिशेब मांडा आणि मागच्या तुकडीतल्या मुलांना भेटून मगच ठरवा.

आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तिला मोकळी ठेवा. बाजारात न्या, मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम पाहायला न्या, नाही तर नुसतं अंगणात पापड वाळत घालायला बसवा. हाताला दुसरं काम लागलं की डोकं थंड होतं.

आमच्याकडे अजून पेढे वाटलेले नाहीत. वहीत परवा एका मुलाखतीपुढे ‘नाही’ लिहिलं गेलं, आणि दोन ठिकाणचे निकाल यायचे आहेत. पण ‘नाही’ लिहून झाल्यावर ती वही उघडीच ठेवून खाली जेवायला आली आणि आजीला म्हणाली, “आजी, उद्या अकरा ते एक वर यायचं नाही हं.” सासूबाईंनी कॅलेंडरवरचं पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘परीक्षा. चहा नंतर.’