उसाच्या गावातलं रेशन

दौंड तालुक्यात साखरेला तोटा नाही. कालव्याच्या पाण्यावर ऊस, यवत-केडगावकडे गुऱ्हाळांची धुराडी. रेशन दुकानात मात्र साखर मिळते ती फक्त अंत्योदय कार्डाला, घरटी महिन्याला एक किलो, वीस रुपयांनी. २०१३ पर्यंत कारखान्यांना दहा टक्के साखर लेव्ही म्हणून सरकारला स्वस्तात द्यावी लागे. लेव्ही उठली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या कार्डांची साखरही गेली.

क्यूबा हाही उसाचाच देश. तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं मार्च १९६२ मध्ये ‘लिब्रेता’ सुरू केली. ही शिध्याची वही घराघरात आली, उत्पन्नाचा दाखला न मागता. तांदूळ, साखर, तेल, सात वर्षांखालच्या मुलांना दूध, माणशी रोज एक पाव. पुढं सोविएत मदत आटली, ऊसही आटला. १९७० मध्ये ८५ लाख टन साखर काढणारा देश अलीकडे पाच लाखांच्या आत आला. सप्टेंबर २०२४ मध्ये ८० ग्रॅमचा पाव ६० ग्रॅमचा झाला. वही सगळ्यांकडे आहे, दुकानात माल नाही.

आपल्याकडे माल येतो. प्रश्न यादीचा असतो.

१९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं अशी तिरंगी कार्डं आली. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा राज्यात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि केशरीतही दोन जाती पडल्या: यादीत नाव असलेलं आणि नसलेलं. यादीत येण्यासाठी खेड्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ४४,००० रुपये, म्हणजे महिन्याला पावणेचार हजारांहून कमी. खुरपणीला जाणाऱ्या बाईला वर्षातले सहा महिने जरी काम मिळालं, तरी ती या रेषेपलीकडे जाते! हा आकडा कागदावरच शोभतो. दुसरी गंमत अंत्योदयाची. तिथं कुटुंबाला सरसकट ३५ किलो, तर साध्या यादीत माणशी पाच. त्यामुळे आठ माणसांच्या अंत्योदय घराला शेजाऱ्यापेक्षा पाच किलो कमीच मिळतं.

जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या शिरूरच्या जिरायती पट्ट्यात खाणं बाजरीच्या भाकरीचं. कायद्यात भरडधान्याचं नाव आहे, पण पोत्यांत क्वचितच. भाकरी हवी तर बाजरी बाजारातून आणायची.

दुकानातलं मुख्य पात्र आता ई-पॉस यंत्र. दुकानदाराच्या वहीवर कुणाच्याही नावाचं धान्य ‘उचललं’ जायचं, त्याला या यंत्रानं बराच लगाम घातला. त्याचा दुसरा चेहरा सर्व्हर बंद असताना किंवा कामानं झिजलेला अंगठा जुळत नाही तेव्हा दिसतो. बाई पुन्हा पदराला अंगठा पुसते, दुकानदार म्हणतो, “मावशी, दुसरं बोट लावा.”

याच यंत्रानं कार्डाला पाय फुटले. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांनी एकमेकांची कार्डं चालवायला सुरुवात केली, आणि २०२२ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत आलेला बिहारी कामगार इथल्या दुकानातून धान्य घेऊ शकतो. हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांनाही ती सोय आहे: वाट्याचं काही धान्य फडाजवळ घ्यायचं, उरलेलं गावी राहिलेले म्हातारे आईबाप उचलतात.