तिसवाडीच्या बेटावरची मराठी

अंबाजोगाईला रेल्वे नाही. संतकवी मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाध्यांना रेल्वेने जायचे तर परळी किंवा घाटनांदूर या स्थानकांवर उतरावे लागते. घाटनांदूरसारख्या गावात बसून अटलांटिकपलीकडच्या बेटावरच्या कॅथलिक विद्यापीठाची चौकशी करावी, हे दूरचे वाटेल. पण अशा विद्यापीठांविषयीचा मूळ प्रश्न या परिसराला अजिबात परका नाही. धर्माने किंवा सत्तेने उभारलेली विद्यासंस्था लोकांना आपली भाषा शिकवते, की लोकांची भाषा स्वतः शिकते? पोर्तो रिकोच्या पोन्से शहरात 1948 साली कॅथलिक विद्यापीठ निघाले, तेव्हा बेटावर अमेरिकेची सत्ता येऊन पन्नास वर्षे झाली होती आणि शाळांवर इंग्रजी लादण्याचे प्रयत्न होऊन गेले होते. बेटाची भाषा मात्र स्पॅनिशच राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात घाटनांदूर निजामाच्या राज्यातून मुक्त झाले. त्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. उच्च शिक्षण देशी भाषेत देण्याचा तो मोठा प्रयोग होता, पण मराठवाड्यातल्या मुलासाठी ती भाषा घरची नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. त्या काळात मराठी शाळा चालवणे हेच एक राजकीय काम होते.

आपल्या भाषेच्या अगदी जवळचे उदाहरण मात्र गोव्यात आहे, आणि तेही बेटावरच. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा यांनी वेढलेल्या तिसवाडीत, आजच्या जुन्या गोव्यात, 1541 साली एका धर्मसंघाने देशी मुलांसाठी विद्यालय काढले. पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले आणि थोड्याच वर्षांत संस्था जेझुइटांच्या हाती गेली. हेच संत पावलाचे कॉलेज. आजच्या अर्थाने ते विद्यापीठ नव्हते. पण तेथे लॅटिन, तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र शिकवले जात असे, आणि कोकणापासून मलबार, अबिसिनिया, मलाक्क्यापर्यंतची मुले एका छताखाली राहत. 1556 साली अबिसिनियाकडे निघालेला छापखाना गोव्यातच राहिला आणि याच कॉलेजात चालू झाला. भारतातला हा पहिला छापखाना. ज्या संस्थेने देशाला छपाई दिली, तिची आज एक कमान तेवढी उभी आहे. साथीच्या रोगांमुळे जेझुइटांनी 17व्या शतकाच्या सुरुवातीला कॉलेज टेकडीवर हलवले, 1759 साली पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांनाच हाकलले, आणि पुढच्या शतकात जुनी इमारत पाडली गेली.

माझे म्हणणे असे की, या संस्थेचे टिकाऊ काम लॅटिन वर्गांत झाले नाही. ते झाले जिथे तिची माणसे विद्यार्थी झाली तिथे. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी पुढची चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत काढली. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी साम्य नोंदवले. विल्यम जोन्स यांच्या अशाच साम्यावरच्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले आणि 1616 साली राचोलला ‘क्रिस्तपुराण’ छापले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत. घरात कोकणी बोलणाऱ्या समाजासाठी मराठी का? कारण त्या समाजाची ग्रंथांची भाषा मराठी होती. पुराण ऐकायचे ते ओवीत, हा कानाचा संस्कार होता. ग्रंथाच्या चौकटीतच एक नवख्रिस्ती ब्राह्मण म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? ही तक्रार परक्या माणसाने स्वतःच्या ग्रंथात नोंदवावी, हे मला त्या ग्रंथातले सर्वात प्रामाणिक स्थळ वाटते. स्टीफन्सना ग्रंथ देवनागरीतच छापायचा होता. 1608 साली रोममधल्या वरिष्ठांना त्यांनी लिहिले की या लिपीला सहाशे साचे लागतात, पण ते दोनशेवर आणता येतील. साचे पाडले गेले नाहीत आणि पुस्तक रोमन लिपीत निघाले. देवनागरीत मराठी छापील पुस्तक यायला 1805 साल उजाडले, तेही बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम केरी यांच्या व्याकरणाच्या रूपाने. एका परवानगीअभावी मराठीची दोनशे वर्षे गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण संस्था भाषा शिकते तेव्हाही किती कमी शिकायला तयार असते, हे त्या पत्रावरून दिसते.

यावर उघड आणि रास्त आक्षेप आहे. हे कॉलेज ज्ञानासाठी नव्हे, धर्मांतरासाठी होते. तिसवाडीतली देवळे मोडल्यावर त्यांच्या जमिनींचे उत्पन्न याच विद्यालयाकडे वळवले गेले. 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारे चर्चचे न्यायालय, आले. 1559 मध्ये दिवाडी बेटावरच्या एका घरातून मराठी पोथ्या हिसकावून आणल्या, त्या अभ्यास करून खोडून काढण्यासाठीच. हे सारे खरे आहे आणि व्याकरणाच्या तराजूत घालून ते हलके होत नाही. ज्याचे देऊळ गेले त्याला ओवीचे मोल सांगणे हा अपमानच ठरेल. मी एवढेच म्हणतो की हेतू आणि फळ यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा. आपल्या पुराणकथांच्या रोमन लिपीत उतरवलेल्या पोथ्या पोर्तुगालच्या ब्रागा शहरात आजही आहेत. 16व्या शतकातल्या गोव्याचे गद्य कसे होते, हे आपल्याला मुख्यतः त्यांच्यामुळे कळते. ज्यांनी त्या कथा खोडून काढायला घेतल्या, त्यांच्याच हातून त्या जपल्या गेल्या.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सत्तेची भाषा काही पिढ्यांत लोकांची होतेच. पोन्सेची स्पॅनिश हीसुद्धा एके काळची राज्यकर्त्यांचीच भाषा. मग गोव्यात पोर्तुगीज रुजली असती तर काय बिघडले असते? तसा प्रयत्न झाला: 1684 साली व्हाइसरॉयने हुकूम काढून गोवेकरांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे असे फर्मावले. पण पोर्तो रिकोत स्पॅनिश घरची झाली त्याचे कारण बेटावरचा मूळ ताइनो समाज आणि त्याची भाषा दोन्ही जवळजवळ संपली, हे आहे. गोव्यात माणसे राहिली, म्हणून भाषाही राहिली. हुकूमनाम्याच्या जोरावर भाषा रुजत नाही. ती जागा रिकामी झाली तरच रुजते, आणि अशी जागा रिकामी व्हावी असे कोणी म्हणेल काय?

आता पुन्हा घाटनांदूरच्या परिसराकडे. स्टीफन्स 1549चे, निधन 1619. अंबाजोगाईचे दासोपंत 1551चे, निधन 1615. दोघे एकाच वेळी मराठी ओव्या लिहीत होते आणि एकमेकांना माहीत असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. दासोपंतांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या परंपरेने सव्वा लाख मानतात. त्यात त्यांनी संस्कृताभिमान्यांना ठणकावले की संस्कृतात एकच घट. मराठीत डेरा, रांजण अशी प्रत्येक भांड्याला वेगळी ओळख आहे. त्यांच्यामागे कॉलेज नव्हते, छापखाना नव्हता. कापडाच्या लांब पासोडीवर त्यांनी वेदान्तातले पंचीकरण लिहिले, आणि ती पासोडी अंबाजोगाईला राहिली. राचोलच्या छापखान्यातून ‘क्रिस्तपुराणा’च्या 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या, त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवलेल्या पोथ्यांमुळे. चर्चच्या आवारात आणि घरोघर तो म्हटला जात होता, मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी तो बरोबर नेला, आणि 1907 साली मंगळूरलाच तो पुन्हा छापला. एक देवनागरी पोथी लंडनमध्ये आहे. ज्या लिपीसाठी स्टीफन्सनी साचे मागितले होते, त्या लिपीतली.