गाण्यांची रोजकीर्द

आपण काय ऐकतों हें चारचौघांस कळावें, ही हौस नवी नाहीं. पूर्वीं ज्याच्या घरीं फोनो असे तो खिडकी उघडी ठेवूनच तबकडी लावी, आणि सारा वाडा इच्छा असो वा नसो, श्रोता होई. परंतु ऐकलेल्या प्रत्येक गाण्याची रोजकीर्द ठेवून ती जगापुढें मांडण्याची युक्ति मात्र अलीकडची. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठाचा विद्यार्थी रिचर्ड जोन्स यानें २००२ च्या सुमारास ती काढली. ‘ऑडिओस्क्रॉबलर’ हें तिचें नांव. संगणकावर वाजलेल्या गाण्याची नोंद आपोआप पडे, आणि ज्यांच्या नोंदी जुळत ते एकमेकांचे ‘शेजारी’ ठरत. पुढें ती ‘लास्ट एफ्‌एम्’ या संस्थेंत विलीन झाली व २००७ सालीं सीबीएस या अमेरिकन कंपनीनें ती संस्था २८ कोटि डॉलरांस विकत घेतली. लोकांच्या आवडीनिवडीच्या वहीस एवढें मोल!

नोंदीचा नियम मात्र मौजेचा आहे. गाणें ३० सेकंदांहून मोठें असावें, आणि तें निम्मे अगर ४ मिनिटें वाजलेलें असावें, कीं झाली नोंद. चित्रपटगीतास हा न्याय ठीक आहे. पण ४० मिनिटांच्या विलंबित ख्यालाचें काय? आलापी रंगूं लागण्यापूर्वींच तो ‘ऐकला’ म्हणून जमेस धरला जातो. शेवटपर्यंत बसलेला आणि पांचव्या मिनिटास उठलेला, दोघेही सारखेच रसिक! शिवाय तेवढ्याच वेळांत चित्रपटगीतांच्या दहाबारा नोंदी पडतात. त्यामुळें वर्षाच्या बेरजेंत ख्याल नेहमीं तळाशीं.

आमची कन्या नोकरीनिमित्त बंगळूरास असते. तिची ही वही आम्हांस पाहतां येत असे. गेल्या हिंवाळ्यांत एके रात्रीं दोन वाजल्यापासून खांसाहेब अमीरखां यांचा मारवा ओळीनें चार वेळां नोंदलेला आढळला. संधिप्रकाशाचा राग, आणि मध्यरात्रीं! दुसऱ्या रात्रीं तेंच, तिसऱ्या रात्रींही तेंच.

“अहो, विचारा ना तिला, सगळं बरं आहे ना,” सौभाग्यवती म्हणाल्या.

आम्हीं फोन केला; जेवणाखाणाची चौकशी करतां करतां मारव्याचा विषय निघालाच.

“बाबा, तुम्ही माझं रोज पाहता होय?” ती हंसली, पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या नोंदी आम्हांस दिसेनाशा झाल्या. तशी सोय त्या वहींत आहेच. राग आला तो आमचा आम्हांसच.

पंधरा दिवसांनीं तिचाच फोन आला. “बाबा, तुमच्याकडे मारव्याची आणखी एखादी चांगली रेकॉर्ड आहे का?”

आम्हीं दोन पाठविल्या. कारण अद्यापि विचारलेलें नाहीं.