कापडदुकानांतील उमेदवार

'टाइम मशीन', 'इन्व्हिजिबल मॅन', 'वॉर ऑफ दि वर्ल्ड्स' हीं पुस्तकें वडिलांनीं आणलीं आणि मुलांनीं पळविलीं, असें आपल्यापैकीं पुष्कळ घरांत घडलें असेल. परंतु त्यांचा कर्ता हर्बर्ट जॉर्ज वेल्स हा कापड मोजण्यांतच जन्म घालविण्याच्या बेतास आला होता, ही हकीकत फारशी कोणाच्या ध्यानांत नसते.

केंट परगण्यांतील ब्रॉम्ली गांवीं २१ सप्टेंबर १८६६ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप जोसेफ चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान चालवी. पण चित्त सारें क्रिकेटमध्यें. १८६२ सालीं ससेक्सविरुद्ध त्यानें लागोपाठ चार चेंडूंत चार गडी बाद केले होते. अशा मनुष्याचें दुकान कसें चालावें! १८७४ सालीं मुलाचा पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यास वाचनाचें वेड लागलें. तीन वर्षांनीं बापाची मांडी मोडून क्रिकेटची मिळकत बुडाली. १८८० सालीं आई सारा ससेक्समधील 'अपपार्क' या बड्या वाड्यांत कारभारीण म्हणून राहिली.

कापडदुकान म्हणजे अब्रूची भाकरी, असें त्या माउलीचें ठाम मत. मध्यंतरीं मिडहर्स्ट येथें एका औषधविक्रेत्याकडे मुलगा थोडे दिवस होता. त्या धंद्यास लॅटिन लागे, म्हणून तेथील शाळेचे मुख्याध्यापक होरेस बायट यांजकडे तो शिकवणीस जाई. बायट यांनीं त्याची ग्रहणशक्ति तेव्हांच हेरली. रूपावलि घोकवून घेण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस असा विद्यार्थी किती दुर्मिळ असतो हें सांगावयास नको.

पुढें साउथसी येथें कापडदुकानांत उमेदवारी सुरू झाली. दिवसाचे तेरा तास काम. दोन वर्षें कशींबशीं काढल्यावर १८८३ सालीं एका रविवारीं तो पहाटेस उठला, सुमारें सतरा मैल चालत अपपार्कला गेला, आणि हें मजकडून होणें नाहीं, असें त्यानें आईस सांगितलें. जिवाचें बरेंवाईट करण्यापर्यंत त्याची भाषा गेली. भरलेले पैसे बुडणार, करार मोडणार. आईचा हट्ट मला तरी अन्यायाचा वाटत नाहीं. दारिद्र्य सोसलेल्या स्त्रीस मुलाच्या विद्येपेक्षां त्याची उद्यांची भाकरी आधीं दिसते.

अखेर बायट यांनीं त्यास पोटशिक्षक म्हणून बोलाविलें. यांत थोडा स्वार्थही होता. शास्त्रविषयांच्या सरकारी परीक्षा विद्यार्थी पास झाले कीं शाळेस अनुदान मिळे. मुलगा त्या परीक्षा धडाधड पास होऊं लागला, आणि त्याच जोरावर १८८४ सालीं लंडनच्या 'नॉर्मल स्कूल ऑफ सायन्स'ची शिष्यवृत्ति मिळवून बायट यांच्या हातून निसटलाही!

तेथें पहिल्या वर्षीं टी. एच. हक्सले यांजसारखा गुरु लाभला. पुढें मात्र अभ्यासावरील मन उडालें आणि १८८७ सालीं पदवीवांचून बाहेर पडावें लागलें; बी. एस्सी. झाला तो १८९० सालीं. शिक्षकी पत्करली, पण छातीच्या विकारानें तीही सुटली. लेखणी हातीं आली ती अशी, नाइलाजानें.

१८९५ सालच्या 'टाइम मशीन'मध्यें भविष्यांतील मनुष्यजात दुभंगलेली आहे: वर उजेडांत नाजूक, निरुद्योगी एलॉय, खालीं अंधारांत यंत्रें चालविणारे मॉरलॉक. अपपार्कमध्यें नोकरांच्या येण्याजाण्यासाठीं जमिनीखालून भुयारें होतीं. कारभारणीच्या मुलानें तीं पाहिलेलीं होतीं, एवढें ध्यानांत ठेवून ती कथा पुन्हां वाचावी.

गृहस्थ म्हणून त्याचें वर्तन वाखाणण्याजोगें नव्हतें. पहिली पत्नी त्यानें सोडली आणि दुसरीशींही तो एकनिष्ठ राहिला नाहीं. उत्तरायुष्यांतील त्याच्या कादंबऱ्यांत उपदेश फार झाला, असेंही माझें मत आहे. मास्तरकी अंगांत भिनली कीं जात नाहीं, हें मी अनुभवानें जाणतों. तरी १९१४ सालच्या 'दि वर्ल्ड सेट फ्री'मध्यें त्यानें अणुबाँब कल्पिला होता. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञानें तें पुस्तक १९३२ सालीं वाचलें, आणि पुढच्याच वर्षीं अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याच्या डोक्यांत आली. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर बाँब पडला, तेव्हां वेल्स लंडनमध्यें आजारी होता. १३ ऑगस्ट १९४६ रोजीं तो वारला.