दोन वाटांची एक भेट

मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांची आयुष्यात एकदाच भेट झाली. २६ मार्च १९६४ रोजी नागरी हक्क विधेयकावरील सिनेटची चर्चा ऐकण्यासाठी दोघेही वॉशिंग्टनच्या संसद भवनात आले होते. हस्तांदोलन झाले, छायाचित्रे निघाली आणि काही क्षणांत दोघे आपापल्या वाटेने गेले.

किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. गांधीजींचे अनुयायी म्हणून आपण त्यांना आपलेसे केले. माल्कम मात्र आपल्या लेखी संतापाचे प्रतीकच राहिले. ही वाटणी मला फार सोयीची वाटते.

मतभेद खरे होते, यात शंका नाही. अन्याय्य कायदा उघडपणे मोडावा, त्याची शिक्षा भोगावी आणि गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र समाजासाठी राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी जागवावी, हा किंग यांचा मार्ग. ज्या समाजाने आपल्याला माणूस मानले नाही, त्याच्या दारात प्रवेशासाठी का तिष्ठावे, हा माल्कम यांचा प्रश्न. आत्मसन्मान, स्वसंरक्षण आणि स्वतःच्या संस्था यांवर त्यांचा भर होता. ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची तर त्यांनी ‘फार्स’ म्हणून संभावना केली.

तरीही या दोन वाटा एकमेकींपासून तुटलेल्या नव्हत्या. बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून १९६३ मध्ये लिहिलेल्या पत्रात किंग यांनी बजावले होते, की अहिंसक आंदोलकांना झिडकारले, तर निराश कृष्णवर्णीय फुटीर राष्ट्रवादाकडे वळतील. फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम सेल्मा येथे गेले, तेव्हा मतदानहक्काच्या आंदोलनामुळे किंग तुरुंगात होते. माल्कम यांनी त्यांच्या पत्नी कोरेटा यांना सांगितले, की किंग यांचे काम अवघड करण्यासाठी आपण आलेलो नाही. दुसरा पर्याय कोणता, हे गोऱ्यांना उमगले तर ते कदाचित किंग यांचे ऐकतील. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी माल्कम यांची हत्या झाली. मतदानहक्क कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला.

पुढे किंगही ‘सौम्य’ राहिले नाहीत. त्यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला, गरिबीचा प्रश्न ऐरणीवर आणला. एप्रिल १९६८ मध्ये मेम्फिस येथे सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले असता त्यांची हत्या झाली. मृत्यूसमयी दोघांचेही वय ३९ होते.

हृदयपरिवर्तन की हक्क, हा वाद गांधी आणि आंबेडकर यांच्यामुळे आपल्याला परका नाही. अशा वादात सत्ता नेहमी एकाला समंजस आणि दुसऱ्याला आततायी ठरवते. समंजसाचेही तरी ती कितपत ऐकते? म्हणून वंचितांचा कोणता नेता आपल्याला आवडतो, यापेक्षा त्याची कोणती मागणी आपण मान्य केली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.