सवलतीतील औषधोपचार : हक्क, नियम आणि कागद

‘आरोग्यम् धनसंपदा’ हे वचन आपण शाळेच्या भिंतीवर वाचत लहानाचे मोठे झालो. परंतु ग्रामीण कुटुंबाच्या व्यवहारात या वचनाचा अर्थ पुष्कळदा उलट्या बाजूने उमगतो. घरात एक मोठे आजारपण शिरले की धन आणि संपदा दोन्ही बाहेर पडतात. आधी दागिने जातात, मग दुभते जनावर जाते, मग उसाच्या बिलावर उचल घेतली जाते आणि तरीही भागले नाही तर जमिनीच्या तुकड्याकडे नजर वळते. आजाराने माणूस वाचतो, पण घर खचते.

ही आपत्ती टळावी म्हणून शासनाने काही योजना केल्या आहेत व काही कायदेही आहेत. पण त्यांचा लाभ कोणाला मिळतो, कोठे मिळतो आणि त्यासाठी काय करावे लागते, याची माहिती गरजूंना बहुधा रुग्णालयाच्या दारात, रोगी स्ट्रेचरवर असताना होते. ती वेळ माहिती मिळविण्याची नसते. म्हणून प्रस्तुत लेखात या नियमांचा सोप्या भाषेत परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

थोडी पूर्वपीठिका

पैसे नाहीत म्हणून कोणीही औषधोपचारावाचून राहू नये, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात हेच तत्त्व देशापुढे मांडले. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तेथील प्रत्येक नागरिकाला उपचाराचा हक्क मिळाला. आपल्या देशाला तेवढी मजल एकदम मारता आली नाही. आपल्याकडे सरकारी दवाखाने निघाले, पण मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेरच राहिला.

महाराष्ट्रात १९९७ साली ‘जीवनदायी’ योजना आली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा थोड्याच रोगांपुरती ती मर्यादित होती. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. ही योजना प्रथम केवळ आठ जिल्ह्यांत लागू झाली आणि त्या आठांत आपला सोलापूर जिल्हा होता, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर हे बाकीचे सात. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यात पोचली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. १ एप्रिल २०२० पासून या दोन्ही योजना आपल्या राज्यात एकत्रितपणे राबविल्या जाऊ लागल्या.

पात्रता : शिधापत्रिकेचा रंग

या योजनेचा पाया शिधापत्रिका हा आहे. आपण जिला रेशनकार्ड म्हणतो तिचे राज्यात पिवळे, केशरी आणि पांढरे असे तीन रंग आहेत. ढोबळपणे सांगायचे तर पिवळे कार्ड अतिगरिबांचे, केशरी कार्ड वार्षिक एक लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांचे आणि पांढरे त्याहून अधिक उत्पन्नाचे. मूळ योजनेत पिवळे, अंत्योदय, अन्नपूर्णा व केशरी कार्डधारक पात्र होते. पांढऱ्या कार्डाला मात्र दार बंद होते.

त्याला एक अपवाद होता व तो आपल्या भागातील लोकांना विशेष जाणवणारा होता. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही योजना लागू करण्यात आली. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यांत होते, अर्थात पूर्वीचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव जिल्हाही होता. आपल्या करमाळा तालुक्याची शीव परांडा तालुक्याला लागून आहे. परिणाम असा, की शिवेपलीकडचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी पात्र आणि अलीकडचा, तेवढीच जमीन व तोच दुष्काळ वाट्याला आलेला शेतकरी अपात्र. नियम कागदावर आखला जातो, पण पाऊस जिल्ह्याची हद्द पाहून पडत नाही, हे यावरून ध्यानात येते.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही भिंत पाडण्याचे ठरले आणि १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजना प्रत्यक्षात आली. त्यानुसार पांढरे कार्डधारकही पात्र झाले. ज्यांच्याकडे शिधापत्रिकाच नाही अशांना अधिवासाच्या दाखल्यावर सामावून घेण्याची तरतूद झाली. पूर्वी एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते, ते पाच लाखांवर गेले. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. उपचारांची यादी १३५६ वर पोचली. यादीत पुढेही फेरबदल होत असतात, म्हणून आपला आजार तीत आहे की नाही हे त्या त्या वेळी विचारून घ्यावे. शिवाय, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचा लाभ खुला झाला आहे. आपल्या घरोघरच्या आजी-आजोबांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. त्यासाठी आधारकार्डाच्या साहाय्याने वेगळे कार्ड काढावे लागते.

येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे. पाच लाख ही रक्कम कुटुंबाची आहे, माणशी नव्हे. एकाने ती सर्व वापरली तर त्या वर्षापुरती इतरांना उरत नाही. आणि ही रक्कम रुग्णाच्या हाती कधीच पडत नाही, ती रुग्णालयाला दिली जाते.

लाभ घेण्याची रीत

योजनेत राज्यातील काही ठराविक सरकारी व खासगी रुग्णालये समाविष्ट आहेत. त्यांना अंगीकृत रुग्णालये म्हणतात. नाव मोठे आहे म्हणून एखादे रुग्णालय योजनेत असेलच असे नाही, आणि असले तरी सर्वच रोगांसाठी असेल असेही नाही. एखाद्या ठिकाणी हाडांची शस्त्रक्रिया योजनेतून होते, पण हृदयाची होत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच चौकशी करावी. योजनेचे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १५५३८८ व १८००२३३२२०० हे आहेत, तर आयुष्मान भारतचा १४५५५ आहे.

अंगीकृत रुग्णालयात शिरताच ‘आरोग्यमित्र’ कोठे बसतो ते विचारावे. हा योजनेचा प्रतिनिधी. शिधापत्रिका व ओळखपत्र तपासून तो रुग्णाची नोंदणी करतो. पुढे डॉक्टरांच्या तपासणीनंतर रुग्णालय मंजुरीसाठी प्रस्ताव पाठवते. मंजुरी आली की उपचार सुरू होतात. तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, खाटा, जेवण हे सारे त्यांत धरलेले असते. घरी सोडल्यानंतरही काही दिवसांचे औषध व तपासणी त्यांत येते. रोगी अत्यवस्थ असेल तर मंजुरीची वाट पाहात बसावे लागत नाही. दूरध्वनीवरून तातडीची संमती घेऊन उपचार सुरू करता येतात व कागद मागाहून ठरलेल्या मुदतीत देता येतात.

या रीतीत एक मेख आहे, ती प्रत्येकाने गाठीशी बांधून ठेवावी. ही योजना रोखीवाचूनच्या उपचारांची आहे. आधी खिशातून पैसे भरायचे आणि मागाहून पावत्या दाखवून परत मागायचे, अशी तिची रचना नाही. म्हणजेच, नोंदणी न करता दाखल होऊन तीन दिवसांनी योजनेची आठवण झाली, तर भरलेले पैसे बहुधा गेलेच म्हणून समजावे. ‘आधी नोंदणी, मग अनामत’ असे नव्हे, तर ‘आधी नोंदणी आणि अनामत नाहीच’ हा खरा नियम आहे.

साधा ताप, खोकला, बाह्यरुग्ण विभागातील औषधे यांना योजना लागू पडत नाही. काही उपचार तर केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. नफ्यासाठी विनाकारण शस्त्रक्रिया होऊ नयेत हा त्यामागचा एक हेतू आहे.

सरकारी रुग्णालय

साध्या आजारासाठी आपला आधार सरकारी दवाखाना हाच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व संस्थांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांपर्यंत, उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये मात्र या निर्णयात येत नाहीत. सोलापूरचे ‘सिव्हिल’, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, याच दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणून करमाळ्याला जे लागले नाही ते शुल्क सोलापूरला का लागते, याचे आश्चर्य वाटायला नको. खातीच निराळी आहेत.

धर्मादाय रुग्णालयांचा वाटा

आता कमी परिचित अशा मार्गाकडे वळू. अनेक मोठी खासगी रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त संस्थांची असतात. त्यांना कायद्याने सवलती मिळतात. त्याच्या बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार त्यांच्यावर एक बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या पाहिजेत. तसेच प्रत्येक बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा केली पाहिजे. थोडक्यात, श्रीमंत रुग्णाच्या बिलातून गरिबाच्या औषधाला हातभार लागतो.

उत्पन्नाची मर्यादा प्रारंभी निर्धनांसाठी वार्षिक २५ हजार व दुर्बलांसाठी ५० हजार होती. वेळोवेळी वाढत ती अनुक्रमे १ लाख ८० हजार व ३ लाख ६० हजार झाली आहे. दुर्बल घटकातील रुग्णाला औषधे व साहित्य खरेदीच्या दराने लावले जाते आणि त्याचा निदान निम्मा भाग त्याने भरावयाचा असतो. पुराव्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज करावयाचा असतो. तातडीच्या प्रसंगी अनामत न मागता रुग्णाला दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार केले पाहिजेत, असेही त्या योजनेत म्हटले आहे. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.

जेऊरहून आगगाडीत बसून पुण्याला उपचारासाठी जाणारे पुष्कळ आहेत. तेथे धर्मादाय रुग्णालयांची संख्या मोठी आहे. परंतु खाट राखीव असते, हे ठाऊक नसलेला मनुष्य ती मागणार कशी?

आपण काय करू शकतो

विद्यार्थी मित्रांनो, वरील सर्व नियम वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येईल. पात्रता पुष्कळांची आहे. अडते ते कागदावर. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव शिधापत्रिकेत चढविलेले नसते. आधारवर ‘बाई’ लागते तर शिधापत्रिकेवर ‘बाई’ नसते. विभक्त झालेल्या भावांचे कार्ड अजून एकच असते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. हे दोष दुरुस्त होण्यास दिवस लागतात आणि आजार दिवस देत नाही.

शिष्यवृत्तीच्या निमित्ताने आपण दरवर्षी तलाठी, सेतू केंद्र व तहसील कार्यालय यांच्या पायऱ्या चढतोच. त्या वेळी उत्पन्नाच्या दाखल्याची एक प्रत घरात जपून ठेवावी. सुट्टीत घरातील शिधापत्रिका बाहेर काढून प्रत्येकाचे नाव आधारशी ताडून पाहावे. चूक असल्यास तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा. आपले झाले की शेजारच्या, विशेषतः ऊसतोडीला बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांचे पाहावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. तसाच एक दिवस या कामासाठी दिला तर त्याचे मोल कमी ठरणार नाही.

सवलत ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती आपल्याच करातून आणि आपल्याच कायद्यातून आलेली आहे. पण जो हक्क कोणाला ठाऊकच नाही, तो पेटीत कुलूपबंद असलेल्या औषधासारखा असतो. त्या पेटीची किल्ली अक्षरओळखीत आहे, आणि अक्षरओळख असलेले आपण घरोघरी आहोत.